सामान कोण सांभाळणार

शिडाची धोणी यायची होती. धक्क्यावर मी जपमाळ ओढत बसले होते. शेजारी राजधानी मालेहून सुट्टीला आपल्या बेटावर आलेले मायलेक आणि नात बसली होती.

"आई, आम्ही प्रवाळ बघायला पाण्यात उतरू. तू धोणीतच बस, सामान सांभाळ."

"माझ्यासाठी चष्मा-नळी नाही आणलीस, शियाम?"

"अगं, अडुसष्ट वर्षांची आहेस तू!"

"ह्याच पाण्यात कंबरभर उभी राहून नारळाची सोडणं कुजत घातली, काथ्या वळून तुला शिकवलं. तेव्हा नाही म्हणालास, ‘आई, बुडशील’?"

"तेव्हा गरज होती."

"गरज तुमची होती. आता हौस माझी आहे. चाळीस वर्षं पाण्यात उभी होते, पण अल्लाहने खाली काय मांडून ठेवलंय ते एकदाही पाहिलं नाही."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, शियामची आई भिजली."

"आजी, बाबांचा चष्मा बघ, तुला बसतोय!"

"लुयूना! मग मी काय घालू?"

धोणी लागली. म्हातारीने डोक्यावरच्या रुमालाची गाठ आवळली, चष्मा कपाळावर चढवला आणि डब्यांची पिशवी लेकाच्या मांडीवर ठेवली.

"मासे-रोटी आहे त्यात. कावळ्यांवर लक्ष ठेव."