कन्विक्टेड

चौऱ्याहत्तर साली सोलापूरच्या कोर्टाबाहेर धर्मपाल साक्षीसाठी थांबला होता. शेजारच्या बाकावर मंद्रूपची सोजरबाई बसली होती. तिच्या मुलावर, हिंदुरावावर, खुनाचा खटला होता. निकाल ऐकून तिचा म्हातारा नवरा बाहेर आला.

“जज्जसायेब काय म्हनलं वो?”

“कन्विक्टेड म्हनलं.”

“म्हंजी?”

“म्हंजी सुटला की.”

“मग पोलिसांनी परत गाडीत का घातला?”

“कागुद करायचं असत्यात. दोन-चार दिस लागतील.”

“मग तुमी रडताय कशापायी?”

“आनंद झालाय, सोजर.”

ती उठून धर्मपालपुढं आली.

“दादा, तुमी शिकलेलं दिसताय. कन्विक्टेड म्हंजी सुटलाच न्हवं?”

तिच्या मागं म्हाताऱ्यानं हात जोडले. धर्मपालनं ते पाहिलं.

“मला इंग्रजी येत नाही, मावशी.”

“आसं कसं? मगाशी वकिलासंगं फाडफाड बोलत व्हता की.”

धर्मपालनं मान खाली घातली. सोजरबाई नवऱ्याजवळ जाऊन बसली आणि हळूच म्हणाली,

“किती वर्सं?”

“चौदा.”