सासूबाईंच्या पातेल्यातली कवटी

...आणि वर मलाच विचारतात हो, "काय व्हेन्सेल, तुमच्याकडे वास कसला येतोय?" कसला म्हणजे? हरणाचं डोकं शिजतंय! अत्तर गाळत बसलोय असं वाटलं का तुम्हाला?

तुम्हाला सांगतो, शिकार करणं सोपं. पहाटे मचाणावर बसायचं, थंडीनं आपले दात वाजले की हरीण पळतं. असे काही हंगाम काढले की एखादं बहिरं हरीण नशिबात येतंच. माझ्या आलं. उभा जन्म जमीन नोंदणीच्या कचेरीत गेला, तिथे मी फक्त वेळ मारायचो. तो हा माझा पहिला नर! आमच्या शिकारमंडळाचा प्रमुख त्सिरिल धापा टाकत आला, त्यानं हरणाच्या तोंडात फरच्या झाडाची डहाळी ठेवली (शेवटचा घास, मेलेल्याला उपाशी धाडायचं नाही, अशी आमच्याकडे रीत), दुसरी माझ्या टोपीत खोचली आणि मिठी मारून म्हणाला, "आता कवटी तेवढी साफ कर. त्यात काय आहे! डोकं उकळायचं, बास!"

त्यात काय आहे! कचेरीत कुणी "साहेब, त्यात काय आहे, सही तर करायची" म्हटलं की मी लगेच रजेवर जायचो. पण टोपीत डहाळी खोचली की माणसाची अक्कल जाते.

कारण प्रश्न डोक्याचा नव्हताच, जबड्याचा होता. नियम असा, की मारायचं तर कोवळं मारा, नाहीतर म्हातारं. ऐन भरातल्या नराला हात लावायचा नाही, वंश तो चालवतो. (आमच्या कचेरीत नेमकं उलटं. भरातल्यालाच राबवून मारायचे.) मग वर्षातून एकदा अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सगळ्यांनी कवट्या मांडायच्या, शेजारी खालचा जबडा ठेवायचा, आणि जिल्ह्याहून आलेली परीक्षक बाई दातांची झीज बघून वय सांगणार. वय बरोबर असेल तर हिरवा ठिपका. चुकलं तर लाल, आणि बंदूक वर्षभर कुलपात! माझ्या वयात वर्ष म्हणजे काय, ते माझ्या गुडघ्यांना विचारा. पण माझं हरीण म्हातारं, दात पार झिजलेले. भीती कसली? मी तर दिवाणखान्यात सासूबाईंच्या तसबिरीशेजारी खिळासुद्धा ठोकून ठेवला. माझी बायको झोफ्का म्हणाली, "हिरवा आला तर लाव. लाल आला तर लाकडाच्या खोपटात. तूही."

आता भांडं! घरात एवढं मोठं पातेलं एकच, इनॅमलचं, सासूबाईंचं. डुक्कर कापलं की सॉसेज त्यातच शिजतात. झोफ्का म्हणाली, "आईच्या पातेल्याला हात लावलास तर तुझं डोकं उकळीन." मग ती गेली बहिणीकडे. आता तुम्हीच सांगा, एवढी साधी गोष्ट बोलून दाखवून बायकोनं घराबाहेर जावं का?

तेवढ्यात मेव्हणा आला, टिने. झोफ्काचा धाकटा भाऊ. त्याच्या पिशवीतही एक डोकं. त्याचं हरीण कोवळं, जेमतेम वर्षाचं, तेही नियमात बसणारं. म्हणतो, "दाजी, दोन चुली कशाला पेटवायच्या? एकाच पातेल्यात टाकू. त्यात काय आहे!"

टाकली. शिंगं वर लटकवली, त्यांना पाणी लागू नये म्हणून फडकी गुंडाळली, बाकी सगळं पाण्यात. आणि आमच्या स्लोव्हेनियात धूर दिसला की सल्ला येतो. शेजारी कुंपणावरून ओरडला, "राख टाका, राख!" टपालवाला म्हणाला, "छे, धुण्याचा सोडा!" टिनेनं दोन्ही टाकलं. मग नाशपातीची घरची दारू निघाली, मग राख श्रेष्ठ की सोडा यावर वाद निघाला, शेजारी कुंपण ओलांडून आत आला, आणि झाकण उघडलं तेव्हा...

अहो, मांस सुटावं म्हणून उकळायचं असतं, तिथे सगळंच सुटलेलं! नाकाची हाडं वेगळी, वरचे दात तळाशी डाळीसारखे, आणि खालचे जबडे मधोमध उकलून चार फाका, दोन डाव्या, दोन उजव्या. माझ्या चष्म्यावर वाफ. टिनेला चष्म्याची गरज आहे, पण ते बायकोला कळू द्यायचं नाहीये. पातेल्यात झारा घालून तो म्हणतो, "दाजी, हा तुमचा. हा माझा. हा... तुमचाच धरा, तुम्ही वडील."

मी म्हटलं, "अरे, एक बाजू लांब वाटते."

"तुमचंही तोंड जरा वाकडंच आहे. ताईनं चालवून घेतलंच ना?"

आणि कानस घेऊन त्यानं दात सपाट घासले, दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून! वर फाका जोडायला होडीचा गोंद, जो समुद्रातही सुटत नाही. झोफ्काच्या केस पिवळे करायच्या औषधानं कवटी अशी पांढरीशुभ्र केली, की सासूबाईंनीही जावई म्हणून प्रथमच कौतुक केलं असतं.

रविवारी हॉल गच्च. बाईंनी माझा जबडा उचलला. डावीकडून पाहिला. उजवीकडून पाहिला. चष्मा पुसला.

"व्हेन्सेल, डावीकडून हे हरीण गेल्या वर्षी जन्मलंय. उजवीकडून पेन्शनीत निघालंय."

अख्खा हॉल हसला! त्सिरिल सर्वांत मोठ्यानं! मी म्हटलं, "बाई, अदलाबदल झाली, मेव्हण्याचा जबडा बघा." बघितला. तोही तसाच, फक्त बाजू उलट. "मग सोडवून लावा," बाई म्हणाल्या. सुटतोय कुठला! "दात सपाट कशानं झाले?" टिने अभिमानानं म्हणतो, "कानशीनं!"

"म्हणजे पुरावा घासून टाकलात. शिंगांवर मी जात नाही, शिंगं फसवतात. आता मला सरासरीच काढावी लागेल."

आणि कोवळं अधिक म्हातारं, भागिले दोन, म्हणजे किती? ऐन भरातलं! दोघांनाही! लाल ठिपका, लाल ठिपका! एकही गुन्हा नाही, आणि गुन्हेगार दोन! भांडणार काय? मीच जन्मभर सरासरीचे अहवाल लिहून सरकारला खूश केलं. बंदुकीला कुलूप घालताना त्सिरिल पाठीवर थाप मारून म्हणतो, "वर्षाचा तर प्रश्न. त्यात काय आहे!"

घरी आलो. कवटी गुपचूप खोपटात ठेवली. झोफ्का बहिणीकडून परतली होती. पातेलं तिनं तीनतीनदा घासलं, हुंगलं, पुन्हा घासलं. सोड्यानं इनॅमल उडालेलं, आणि वास असा, की कुत्रं त्याच्यासमोर शेपूट हलवत बसायचं. मग दिवाणखान्यातून खुडबुड ऐकू आली. जाऊन बघतो तर माझ्या खिळ्यावर, सासूबाईंच्या शेजारी, पातेलं टांगलेलं! आणि त्याच्या कडीत माझ्याच टोपीतली डहाळी खोचलेली.

मी म्हटलं, "झोफ्का, हे काय?"

"शेवटचा घास," ती म्हणाली. "तुमच्या दोघांच्या अख्ख्या शिकारीत निःसंशय म्हातारं होऊन मेलेलं हे एकच. याच्या वयाबद्दल कुणाला शंका आहे?"

नाही बुवा. तिच्या आईच्या लग्नातलं आहे.