अंगणातली बोट आणि गौरीचं नाणं

सन्माननीय अध्यक्ष श्री. त्रिविक्रम हुद्देदार, व्यासपीठावर विराजमान असलेले प्रमुख पाहुणे आणि आजच्या सत्कारमूर्तींचे कारखान्यातले एके काळचे साहेब श्री. श्रीहर्ष राव, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते श्री. उपेंद्र तिरोडकर आणि सौ. गौरी तिरोडकर, आपल्या उत्तर बेंगळूर मराठी स्नेहमंडळाचे पदाधिकारी, आणि हेब्बाळच्या पुलावरची गर्दी सोसून रविवारच्या संध्याकाळी इथवर आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, सर्वांना नमस्कार.

मी श्यामला गलगले. तिरोडकरांच्या आणि माझ्या अंगणांमध्ये कमरेएवढी एक भिंत आहे. या व्यासपीठावर उभं राहण्याची माझी पात्रता म्हणाल तर ती भिंतच. सूत्रसंचालन करणाऱ्या प्रांजलीनं मघाशीच कानात सांगितलं, "मावशी, शॉर्टमध्ये हां, जेवणाचे लोक थांबलेत." प्रांजली पुण्याची आहे, घड्याळाची पक्की. पण बाळ, तू ऑटोवाल्याशी आज जे कन्नड बोलतेस ते गौरीनं शिकवलेलं आहे, तेव्हा आज तिच्यासाठी स्वल्प उशीर झाला तरी चालवून घे.

माझ्या आधी बोललेल्या वक्त्यांनी उपेंद्र अण्णांच्या चिकाटीचं कौतुक केलं. अडगळीतली फायबरची स्पीडबोट घराच्या अंगणात नव्यासारखी केली, हे सगळ्यांनी सांगितलं. ते खरंच आहे. पण गेले काही दिवस मंडळात दुसरंही एक बोललं जातंय, तेही खरं असल्यासारखं. "बिचारी गौरी! नवऱ्याच्या हौसेपायी या वयात गावाला चालली." मला वाटतं, ज्यांना निरोप द्यायचा त्यांच्याबद्दल चुकीचं काही मनात ठेवून हात जोडू नयेत. म्हणून काय घडलं ते मी सांगणार आहे. गौरीला विचारलंय. ती म्हणाली, "सांग अक्का, पण मला रडवू नकोस." दुसऱ्या अटीची हमी मी दिलेली नाही.

ही बोट सापडली कुठे? एका नर्सरीत! अण्णा गुलाबाची कलमं आणायला गेले होते. तिथे एका कोपऱ्यात माती भरून शेवंती लावलेली लांबच लांब कुंडी दिसली. कुंडीला निमुळतं नाक होतं. दुसरा कुणी असता तर शेवंतीचा भाव विचारून परत आला असता. पण अण्णांचा जन्म मालवणजवळच्या आचऱ्याचा, खाडीच्या काठावरचा. त्यांनी कुंडीच्या पोटाखाली हात घातला आणि गुलाब विसरून टेम्पो शोधायला गेले. कधी काळी कुठल्याशा जलाशयावर पर्यटकांना फिरवणारी ती बोट शेवंतीसकट आमच्या गल्लीत आली तेव्हा गौरीनं मला भिंतीवरून विचारलं, "अक्का, हे गुलाब आहेत का गं?"

मग सुरू झाली दुरुस्ती. ज्यांनी फायबरचं काम जवळून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बोट वरून काचेच्या धाग्यांची आणि रेझिनची असली तरी तिच्या पोटात लाकूड असतं. तळाखाली पट्ट्या असतात, आणि मागे एक जाड उभी फळी, जिच्यावर इंजिन बसतं. त्या लाकडात पाणी मुरलं की ते आतल्या आत कुजतं. वरून काही दिसत नाही. म्हणून वरचं कवच कापायचं, कुजकं लाकूड काढायचं, नवं बसवायचं, आणि त्यावर धाग्यांची मॅट रेझिननं चिकटवून पुन्हा बंद करायचं. रेझिन बोम्मसंद्र्याहून यायचं, गंज न धरणारे स्क्रू चिकपेटेतून. कापताना उडणारी धूळ मात्र थेट माझ्या वाळत घातलेल्या सांडग्यांवर यायची. त्या वर्षीचे सांडगे आमच्याकडे कुणी खाल्ले नाहीत.

आता रावसाहेब इथे बसले आहेत. त्यांना मराठी स्वल्प समजतं, पण ही गोष्ट ते कुठल्याही भाषेत ओळखतील. विमानाच्या कारखान्यात यांचा एक दंडक होता. ज्यानं काम केलं त्यानं ते पास करायचं नाही. कितीही हुशार माणूस असो, झाकण लावण्यापूर्वी दुसऱ्याचे डोळे हवेत. अण्णांची सगळी नोकरी या दंडकाखाली गेली. निवृत्तीनंतर लोक डबा सोडतात, चपला बदलतात. अण्णांनी दंडक घरी आणला. आणि बोटीचा इन्स्पेक्टर म्हणून नेमलं कुणाला? गौरीला! असली चूक कारखान्यातला माणूसच करू जाणे.

त्यांनी तिला नाण्यानं वाजवून बघायला शिकवलं. मॅट लाकडाला नीट चिकटली असेल तर टक्‌ असा स्वच्छ आवाज येतो. मध्ये पोकळी राहिली असेल तर बद्द वाजतं. गौरी म्हणाली, "एवढंच ना? माठ घेताना आम्ही दुसरं काय करतो?" पहिल्याच तपासणीत तिनं मागच्या फळीवर बोट ठेवलं. "इथं बद्द वाजतंय, पास नाही." अण्णांनी कापून पाहिलं. खरंच पोकळी होती. त्या दिवशी त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. स्वतः नापास झाल्याचे पेढे वाटणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

पण मंडळी, याच सुमाराला संक्रांतीच्या तिळगुळाला, याच सभागृहात, अण्णांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं, "बोट पास झाली की आम्ही आचऱ्याला राहायला जाणार." खाडीच्या काठी त्यांनी लहानसं घर बांधून घेतलंच होतं. आपण टाळ्या वाजवल्या. मी गौरीकडे पाहत होते. तिनंही टाळ्या वाजवल्या.

गौरी कोण? इथल्याच चिकपेटेत जन्मलेली, याच गावात शिकलेली, लग्न होऊनही याच गावात राहिलेली मुलगी. पुण्या-नागपुराहून नोकरीला आलेली पोरं तिच्या ओसरीवर बसून कन्नड शिकतात, आणि शिकून झाल्यावरही येत राहतात. सकाळची कॉफी ती माझ्याबरोबर भिंतीवर वाटी-पेला ठेवून पिते. समुद्र तिनं पहिल्यांदा पाहिला तो नवऱ्याचा हात धरून, आणि तोसुद्धा, तिच्याच शब्दांत, "बघायला बरा, शेजारी नको." अशा बाईच्या हातात अण्णांनी नाणं दिलं आणि सांगितलं, तू हो म्हणालीस की निघायचं.

पुढच्या तपासणीत तळ नापास झाला. अण्णांनी कापला, लाकूड पाहिलं, पुन्हा बंद केला. मग एक बाजू नापास झाली. तीही कापली. मग पुन्हा तळ. मी म्हटलं, या माणसाचा हात बिघडला की काय? शेवटी न राहवून भिंतीशी गेले. अण्णा कोपरापर्यंत खाजवत होते, काचेचे धागे रुतून दोन्ही हात लालभडक झाले होते. मी विचारलं, "अण्णा, खरं सांगा, आत काही खराब निघतं का?"

"नाही निघत, श्यामलाक्का."

"मग वाजवून तुम्हाला कळत नाही? एवढी वर्षं काय केलंत कारखान्यात?"

"कळतं की. पण मी केलंय ना, मी पास करायचं नाही."

"आणि इन्स्पेक्टर मुद्दाम नापास करत असेल तर?"

त्यांनी ग्राइंडर खाली ठेवला. म्हणाले, "तर इन्स्पेक्टरला अजून वेळ हवा असेल. मला कापता येतं." आणि पुन्हा कामाला लागले.

सभागृहातल्या नवरेमंडळींना मी विचारते, आपल्यापैकी किती जणांनी असं ऐकून घेतलं असतं? रागावणं सोपं होतं. "तुला यायचं नाही ते तोंडानं सांग," असं म्हणणं त्याहून सोपं. हा माणूस आपलंच चांगलं काम आपल्या हातानं कापत राहिला, कारण बायकोला नाही म्हणायला दुसरी जागा त्यानंच ठेवली नव्हती, आणि हे त्याचं त्याला उमगलं होतं.

मी हे गौरीला सांगितलं नाही. सांगायची गरजच पडली नाही. रोज संध्याकाळी त्या हातांना खोबरेल चोळायचं काम तिचंच होतं. एका सकाळी कॉफी न घेता ती भिंतीशी आली आणि नाणं माझ्यापुढे धरलं. म्हणाली, "अक्का, तू येऊन वाजव."

मी म्हटलं, "मला गं काय कळतंय त्यातलं?"

"माठ कळतो ना? तेवढंच. पहिल्यांदा खरंच बद्द होतं. त्यानंतर मी खोटं बोलत गेले. आता हो म्हणायला गेले तरी मला माझाच भरवसा वाटत नाही. यांचा जीव त्या बोटीत बसणार आहे गं. तू सांगशील तेच मी यांना सांगेन."

मंडळी, माझे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा परदेशात असतो. माझ्या दिवसाची सुरुवात त्या भिंतीवरच्या कॉफीनं होते. आणि माझ्या हातात कुणी नाणं द्यावं? मला फक्त एकदा बद्द म्हणायचं होतं. कुणाला कळलं असतं? अण्णांनी पुन्हा कापलं असतं, माझे आणखी सांडगे गेले असते, आणि गौरी माझ्या शेजारी राहिली असती. हा विचार माझ्या मनात आला नाही असं मी म्हणणार नाही.

मी नाकापासून सुरुवात केली. दोन्ही बाजू वाजवल्या, वाकून तळ वाजवला, मागची फळी वाजवली. गौरी माझ्याकडे बघत नव्हती, तुळशीकडे बघत होती. आवाज सगळीकडे स्वच्छ होता. इतका स्वच्छ की मला रडू आलं. मी म्हटलं, "सरी आहे गं, सगळं ठीक आहे. कुठेही काही नाही."

ती आत गेली. खिडकी उघडी होती, म्हणून पुढचं मला ऐकू आलं, नाहीतर आमच्याकडे दुसऱ्याचं ऐकायची पद्धत नाही. तिनं सांगितलं, "बोट पास."  अण्णा म्हणाले, "पास झाली म्हणून जायलाच पाहिजे असं नाही, गौरी. मी तेव्हा सगळ्यांसमोर बोलून गेलो, तुला न विचारता. आपण इथेच राहू. बोट देऊन टाकू कुणाला."

त्यावर आमची गौरी काय म्हणाली असेल? म्हणाली, "एवढी चांगली केलीत ती परत कुणी शेवंती लावायला? जाऊ या. पण दसऱ्याला आठ-पंधरा दिवस मी इथे येणार, आणि माझा कन्नडचा वर्ग फोनवरून चालणार. हे मान्य असेल तर पास, नाहीतर नापास." तेव्हा बिचारी गौरी म्हणणाऱ्यांनी कृपया नोंद घ्यावी की तिला कुणी नेत नाही, ती जाते आहे. आणि हो, मला ते आवडलेलं नाही. मला ती जायला नको आहे. हेही इथे एकदा मोठ्यानं म्हणून घेते, म्हणजे उद्या टेम्पो दारात आल्यावर म्हणावं लागणार नाही.

अण्णा, तुमचा दंडक मला पटला. आपलं आपल्याला बरोबर वाटत असतं. दुसऱ्याच्या हातात नाणं देऊन गप्प उभं राहणं, आणि तो जे म्हणेल ते ऐकणं, हे मोठं काम आहे. ते तुम्ही दोघांनीही केलंत.

मंडळानं मला चार शब्द बोलायची संधी दिली, चाराचे किती झाले ते प्रांजलीच्या चेहऱ्यावर दिसतंच आहे. अध्यक्षांचे, रावसाहेबांचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. घरातलं चारचौघांत बोलताना कुठे कमीजास्त झालं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर शेजारीण म्हणून पोटात घाला.

आता शाल आणि श्रीफळ अध्यक्षांच्या हस्ते दिलं जाईल. श्रीफळ आणायला मीच गेले होते. गौरी, वाजवून घेतलंय, काळजी करू नकोस. ते पूजेत ठेवू नका. बोट खाडीत उतरवाल त्या दिवशी पाण्याला हेच द्या. आणि इंजिन सुरू करण्याआधी मला फोन लाव, बोटीवर एकदा नाणं वाजव. मी भिंतीशी कॉफी घेऊन उभी असेन. पास-नापास काही करायचं नाही आता, मला फक्त ऐकायचं आहे.