पाय उचलू नको

शांताबाई, उस्तादाच्या लेकींनो, अन् गाड्या बाहेर लावून आलेल्या माह्या ड्रायव्हर भावांनो, जय भीम. सलाम.

स्टेरिंग द्या, मी सिरोंचापर्यंत नेतो तुमाले. पण माईक हाती आला का मी अडखळतो. आज उस्तादाच्या शोकसभेत तं जास्तच. तरी बोलतो. आपल्या यशवंत उस्तादाबद्दल मी नाई बोललो तं कोण बोलन? मी अन्वर. वडशाच्या नाटक मंडळीची मिनीबस चालवतो.

उस्तादानं आमाले गाडी शिकवली तवा एकच धडा होता. ब्रेक एकदम दाबू नको. दाब, सोड. दाब, सोड. नाई तं चाकं जाम होतात अन् गाडी घसरते. ते पायात असं बसलं का झोपेतही पाय हालत होता. विचारा माह्या बायकोले!

मंग एबीएसच्या गाड्या आल्या. दाब-सोड आता गाडीच करते. आपण फक्त जोरात दाबाचं अन् दाबून ठेवाचं. पेडल पायाखाली थरथरते, गुरगुरते. आमचे जुने गडी घाबरून पाय उचलत. ब्रेक गेला म्हणत! ब्रेक गेला नाई रे भाऊ, ब्रेक काम करून राह्यला!

दुसरा कोणी असता तं म्हणाला असता, जमाना बदलला, आपलं आपण पाहा. उस्ताद म्हणाले, ‘मीनंच शिकवलं नं? मंग मीच विसरवतो.’ अन् निघाले. एकेका चेल्याच्या दारी. माजरीले गेले, पार मूल गावाले गेले. शांताबाई, किती चिडल्या होत्या तुमी! रिटायर झालेला माणूस घरी टिकत नाई म्हणून.

माह्या दारी आले तवा मीही अडून बसलो. ‘उस्ताद, गाडीले आजपर्यंत खरोच नाई. काऊन बदलू?’

‘चप्पल काढ,’ म्हणाले.

राइस मिलच्या आवारात धानाचा कोंडा ओला करून पसरवला होता. समोर रिकामा ड्रम. ‘त्याले तुही सासू समज,’ म्हणाले. ‘वाचव.’ मी ब्रेक दाबला. उघड्या पायाखाली पेडल गुरगुरलं. पाय आपोआप उचलला गेला. सासू आडवी! पुन्हा. पुन्हा आडवी. दिवस मावळेपर्यंत तेच. ‘थरथरते म्हणजे गाडी तुले सांगून राह्यली, मी आहो,’ म्हणाले. ‘तू पाय उचलू नको. अन् स्टेरिंग फिरव.’

या हिवाळ्यात मंडळीले घेऊन नाटकाले निघालो होतो. वळणावर लोकायनं रस्त्यावर तणीस, धानाचा पेंढा, पसरवलं होतं, गाड्यायच्या चाकानं उरलेले दाणे मळून निघावे म्हणून. दरसालचंच. तणसातून एक म्हातारी उठून उभी. मी ब्रेक दाबला. पेडल गुरगुरलं. पाय म्हणे उचल. नाई उचलला! स्टेरिंग फिरवलं. बस रस्त्याखाली धानाच्या बांधीत उतरून थांबली. मागं आमचा खलनायक ‘माय वं, माय वं’ करून राह्यला. अन् म्हातारीनं मले शिव्या घातल्या. लय शिव्या. त्या मले आजही गोड लागतात. मेलेला माणूस शिव्या देत नाई.

उस्तादाले फोन केला. वाटलं, शाबासकी भेटन. म्हणाले, ‘तणीस दिसलं तवाच हळू काऊन नाई झाला? तणसावर एबीएस जादू करत नाई.’ मंग फोनात नाक ओढल्याचा आवाज आला. मले कळलं, माणूस रडून राह्यला.

छातीत कळ आली त्या सकाळी उस्ताद आलापल्लीले निघाले होते. शेवटचा चेला राह्यला होता. सुधाकरभाऊ, तुमी. तिकडं खांबापाशी मान खाली घालून बसले आहात. मान वर करा. उस्तादाची फेरी अर्धवट राहत नाई. उद्या सकाळी मी तुमच्या दारी येतो. चप्पल काढून ठेवा.

आता सारे उभे राहा. आपल्या चपला तशाही विहाराच्या दाराशी आहेत. उघडे पाय जमिनीवर दाबून ठेवा. डोळे मिटा. उस्तादाले आठवा.

थरथरन. थरथरू द्या. पाय उचलू नका.