अक्काच्या पोटावरचा तांब्या

हवेच्या दाबाचा प्रयोग मी वर्गात कावून करत न्हाई, असं तुमी इचारता ना. चहा घ्या, सांगतो.

दिवाळीच्या सुट्टीत सिरसाळ्याला घरी गेलतो. माझी थोरली बहीण, अक्का, पण आलती. सकाळीच तिचं पोट दुखायला लागलं. आई म्हणली, "बेंबी सरकली आसंल." तिनं अक्काला उताणं निजवलं, बेंबीवर पेटती वात ठेवली आन वर तांब्या पालथा घातला. वात इझली, तांब्या पोटाला गच्च चिकटला. पोरं बघतच राहिली.

मी इज्ञानाचा मास्तर. गप कसा बसणार? म्हणलं, "ह्यात औषध काही न्हाई. आतली तापलेली हवा गार झाली, तिचा दाब कमी झाला. आता बाहेरची हवा तांब्याला दाबून धरती."

अक्काची पोरगी म्हणली, "मामा, आणिक एकदा."

मी तांब्या काढून पुन्हा लावला. मग तिसऱ्यांदा. एकेकाला पुढं बोलवून तांब्या ओढून बघायला लावला.

अक्का हळू आवाजात म्हणली, "झालं का रे तुझं शिकवून? मग आता मला दवाखान्यात ने."

अंबाजोगाईला डॉक्टर म्हणाले, "अपेंडिक्स फुटलंय. आधी का नाही आणलं?"

तिसऱ्या दिवशी अक्का गेली.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई सांगायची, "आमी अडाणी माणसं, आमाला काय कळतंय."

मी शेजारीच बसलेला आसायचो.