दहा बार, मध्ये न थांबता

आणि वर ती पोलीस चौकीतली पोरगी मलाच विचारते, "आजोबा, तुम्ही एवढी घाई कशाला केलीत?" घाई? तुम्हाला सांगतो, आयुष्यात मी एकदाच घाई केली, आणि तीही कायदा पाळायची. राजधानीतून हुकूम निघाला, रायफलच्या मॅगझिनमध्ये पाचाच्या वर गोळी बसता कामा नये, बसत असेल तर कायमचं बुजवा. आमचं सगळं गाव कुरकुरत बसलं, बर्फावर दगड सरकवायच्या कर्लिंगच्या रिंकवर कुरकुर, चर्चच्या पायऱ्यांवर कुरकुर... मी गुमान शेडमध्ये गेलो, मॅगझिनला आरपार भोक पाडलं, रिव्हेट ठोकला, वरून वेल्डिंग मारलं. दहाचं पाच केलं. मी कायदा पाळतो.

आता ही रायफल कुठली? कोरियाच्या लढाईच्या वेळची. सैन्यानं जुन्या विकायला काढल्या तेव्हा बाबांनी घेतली, कारण थोरला भाऊ नेस्टर असलीच घेऊन गेला होता. ती आणि तो, दोघं तिकडेच राहिले. नेस्टरची तुकडी इथल्याच गावांमधल्या दहा जणांची. तेव्हापासून रिवाज असा, की त्यांतला कुणी गेला की त्याच्या थडग्यावर या रायफलचे दहा बार काढायचे. काडतुसं नुसत्या आवाजाची. प्रत्येक बाराला एक नाव मनात घ्यायचं आणि मध्ये थांबायचं नाही. आधी बाबा काढायचे, मग मी. सहावं नाव नेस्टरचं.

दहांतला शेवटचा, ओरेस्ट हनात्युक, शरद ऋतूत अंथरुणाला खिळला. त्याच आठवड्यात दुसरा हुकूम आला, की लढाईतल्या जुन्या रायफलींना सूट. झालं, मी ओरेस्टकडे गेलो. तो म्हणाला, "वॉसिल, माझ्या वेळी मध्ये थांबू नकोस रे. तिथं आम्ही गोळ्या भरायला थांबलो, तेवढ्यात तुझा भाऊ..." बस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलला आणि तेही एवढंच. मी म्हटलं, "नाही थांबणार."

मग रिव्हेट काढायच्या आधी परवानगी घ्यायला गेलो. हो, परवानगी. मी कायदा पाळतो. पोलीस चौकीवर ती कॉर्पोरल मेनार्ड, माझ्या नातीच्या वयाची. मॅगझिन उलटंपालटं करून बघते आणि म्हणते, "सूट मूळ स्थितीतल्या रायफलला आहे, आजोबा. तुम्ही तर बदल केलाय."

"तुमच्याच हुकमानं केला."

"हो. वेल्डिंग सुरेख झालंय."

"मग काढतो ते."

"काढलंत तर पाचाचं दहा केलं असं होईल. तो गुन्हा आहे."

"अगं पोरी, ते मुळात दहाचंच होतं."

"होतं ना. आता पाचाचं आहे."

"आणि ज्यांनी काहीच केलं नाही, त्यांचं काय?"

"त्यांची मूळ स्थितीत आहे." आणि मग तो प्रश्न, घाई कशाला केलीत.

काहीच न केलेला म्हणजे आमचा शेजारी युरको. हुकूम आल्यापासून त्यानं आपली तसलीच रायफल गव्हाच्या कोठीत पुरून ठेवली होती. पहिला कायदा त्यानं धाब्यावर बसवला, आणि दुसऱ्यानं त्यालाच सूट दिली. ओरेस्ट गेला त्या दिवशी हा दारात हजर. "माझी घेऊन जा, लेका. दहाच्या दहा वाजतील." चोरून ठेवलेल्या बंदुकीनं माझ्या भावाला मान द्यायचा? मी म्हटलं, "युरको, तुझी तुझ्याजवळ ठेव." तो म्हणाला, "मग थांब मध्ये." आणि गेला.

मार्चचा महिना, जमीन अजून दगडासारखी. ओरेस्टच्या थडग्यावर पाच बार काढले, धडाधड, एका लयीत. मग खटका रिकामा पडला. हातमोजे काढले, पाच काडतुसांची पट्टी खिशात चाचपली, बोटांना काही कळेना, पट्टी बर्फात पडली, वाकलो, या वयात वाकणं म्हणजे... तेवढ्यात पाद्रीबाबांना वाटलं, संपलं. त्यांनी पुस्तक मिटलं, लोकांनी टोप्या चढवल्या आणि सगळे चर्चच्या हॉलकडे निघाले, आत चूल होती, बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, आमच्या पिरोही, होत्या. मी भरून उभा राहिलो तेव्हा समोर नुसत्या पाठी. नेस्टरचा बार काढला. कुणी वळून पाहिलं नाही. उरलेले चारही काढले. एकटा युरको टोपी हातात घेऊन थडग्याशी उभा राहिला होता. दहावा वाजला तेव्हा कुठं त्यानं ती चढवली.

हॉलमध्ये पिरोही वाढणारी बाई म्हणाली, "वॉसिलभाऊ, पाच बार काय छान झाले. पण नंतर ते कोण वाजवत होतं? एवढ्या थंडीत शिकारीला बाहेर पडतात तरी कसे लोक?"

मी ताट पुढं केलं. म्हटलं, "असेल कुणीतरी. पण त्यानं कायदा पाळला."