मेण चालत नाई

चहा ठेव बाजूले, आधी माहं आयक. माय दवाखान्यात भरती होती, म्हणून मी मेणबत्ती घेऊन चंद्रपूरच्या चर्चात गेली. तं मरियामातेपुढं प्लास्टिकच्या मेणबत्त्या, आत मेणाऐवजी तेल भरलेलं! म्हटलं, चला, तेलाचीच लावू. लावली, डोये मिटले, उघडले तं कमिटीचा सेक्रेटरी माहीच वात विझवून राह्यला!

"काऊन हो भाऊ?"

"प्रार्थना झाली ना बाई? तेल वाया जाते."

"मंग मेणाची लावतो मी."

"मेण चालत नाई. नव्या टाइल्स खराब होतात."

तशीच बाहेर आली. त्याच्या नव्या गाडीच्या बोनेटवर मेण टपटप गाळलं, त्यात मेणबत्ती उभी केली. तो धावत बाहेर आला तं म्हटलं, "भाऊ, मायच्या नावानं लावली. आता विझवून दाखवा!"